साठ की आठ

मराठीत ‘फवारा’ असा चांगला शब्द आहे, पण जबलपूरचा मराठी माणूस ‘मोठ्या फवाऱ्या’वर कधीच जात नाही. तो बाजाराला बड्या फुहाऱ्यावर जातो. आत्याला साडीच्या काठाला लेस लावायची होती, म्हणून दिवाळीच्या तोंडावर तिला घेऊन मीही गेलो.

दुकानदाराने रीळ उलगडलं. “साठ रुपये मीटर, अम्मा.”

आत्याचा चेहरा उजळला. “दो मीटर काट दो,” म्हणत तिने बटव्यातून सोळा रुपये मोजून गल्ल्याशेजारी ठेवले. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला, मी आत्याकडे, आत्या लेसकडे.

“साठ म्हणतोय तो, आत्या.”

“मग मी काय म्हणते? आठच ना!”

दोष आत्याचा नव्हता, ‘स’चा होता. ‘स’ हा मुळात आवाजच नव्हे, दातांच्या फटीतून सुटलेली हवा. त्याचा जीव बहुतेक चार हजार हर्ट्‌झच्या वर असतो. ‘आ’चा भर मात्र हजाराच्या आसपास आणि त्याखाली. तरुण कान वीसपासून वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. वय वाढतं तसा वरचा मजला हळूहळू रिकामा होतो. वरून भोवती भोंगे, रिक्षा आणि फुहारा चालू असला तर पाण्याची सरसर. त्या गर्दीत बिचाऱ्या ‘स’ने वाट काढायची कुठून?

मी तोंड तिच्या कानाशी नेऊन ओरडलो, “साऽऽठ!” ओरडून ‘आ’ वाढतो, ‘स’ जिथल्या तिथेच राहतो. “खेकसतोस काय?” आत्या म्हणाली, “आठ ऐकलंय मी.”

शेवटी दुकानदारालाच सुचलं. “तीन बीसी, अम्मा.” ‘ब’ला ओठ मिटतात, ते दिसतात, आणि विसांच्या हिशोबावर तर आत्या वाढलेली. तिने एकदा लेसकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “दो बीसी.” पुढची दहा मिनिटं तिला सगळं लख्ख ऐकू येत होतं.

लेस घेऊन आम्ही कमानिया गेटकडे निघालो. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाच्या वेळचं हे गेट. इथे खोव्याची काळपट जिलबी मिळते. ती द्रोणात पाहिली की मला कान आठवतो. आतल्या कानातली नळीही अशीच गुंडाळलेली, जेमतेम पावणेतीन वेढ्यांची. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. कुठला सूर तिच्या कुठल्या भागाला हलवतो, हे शोधणाऱ्या बेकेशींना १९६१ साली नोबेल मिळालं. खर्ज पार आतल्या टोकापर्यंत जातो, बारीक आवाज दारातच थांबतात. आणि झिजतात त्या आधी दाराजवळच्याच पेशी, पायपुसणं झिजावं तशा. फरक इतकाच की हे पायपुसणं बड्या फुहाऱ्यावर नवं मिळत नाही. एकदा गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

द्रोण सांभाळत वळून पाहिलं तर आत्या गर्दीत बरीच पुढे गेलेली. मधे दोन हातगाड्या, एक गाय आणि शिंगं फुंकल्यासारखे वाजणारे भोंगे. मी नुसतं “आत्याऽऽ” म्हटलं. ती तिथल्या तिथे वळली.

तेव्हा लक्षात आलं की हाक असते स्वरांची आणि भाव असतो व्यंजनांचा. फेरीवालाही स्वरच लांबवतो, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो. वयाने आत्याचा भाव नेला होता, हाक अजून शाबूत होती.

ती परत आली, द्रोणात डोकावली. “कितीची?”

“साठ.”

“बघ,” जिलबीचा तुकडा मोडत आत्या म्हणाली, “वाजवी भाव लावणारी माणसं अजून आहेत.”