एकाला दोन

आमच्या देवरूखच्या शाखेत माणसं पाच, टेबलं चार आणि पंखा एक. तिथलं नेटवर्क कधी बंद पडता कामा नये, असं वरून फर्मान निघालं आणि मी पुण्यात बसून सगळं जोडीनं मागवलं. दोन राऊटर, दोन स्विच, दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइनी. यादी बघून अकाउंटवाले म्हणाले, "रुखवत मांडताय का?"

राऊटरच्या जोडीचा मला फार अभिमान. व्हीआरआरपी नावाच्या पद्धतीत दोघांचा मिळून पत्ता एकच. थोरला दर सेकंदाला "मी आहे" असं कळवत राहतो. तीनेक सेकंद हाक आली नाही की धाकटा कारभार हातात घेतो. ना वारसनोंद, ना तलाठ्याकडे खेपा. स्विचचं मात्र सासुरवाशिणीसारखं. दोघांमध्ये दोन वायरी जोडल्या की डेटाची पाकिटं गोल गोल फिरत सुटतात आणि नेटवर्क गुदमरतं. म्हणून रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ साली शोधलेली स्पॅनिंग ट्रीची युक्ती त्यातल्या एका वायरीला गप्प बसवते. पैसे मोजून आणायची आणि तोंड उघडू द्यायचं नाही! पहिली तुटली की हिची पाळी, तीही जुन्या पद्धतीत ५० सेकंदांपर्यंत थांबून.

फायबरचा निकाल पावसाआधीच लागला. कंपन्या दोन, बिलं दोन, पण वायरी आल्या होत्या एकाच खांबावरून. तो खांब एका टेम्पोनं आडवा केला. मग एका लाइनीच्या जागी मोबाइलचं सिम बसवलं आणि मी निर्धास्त झालो.

गणपतीत एका रात्री लाइट गेली. आली ती जरा जास्तच आली. सकाळी नाना शिपायांचा फोन.

"साहेब, हिरवे दिवे गेले."

"कुठल्या राऊटरचे?"

"दोन्ही."

"असं होणारच नाही. दुसऱ्याचा प्लग कुठंय?"

"पहिल्याच्या शेजारीच. एका बोर्डात दोन्ही बसतात की."

बोर्ड माझ्या यादीत नव्हता. तरी मी डगमगलो नाही. राखीव अ‍ॅडॅप्टर कपाटात होते, अर्थातच दोन.

"नाना, कपाट उघडा. किल्ल्यासुद्धा दोन करून घेतल्यात मी."

"आहेत ना. एकाच जुडग्यात आहेत दोन्ही."

"आणि जुडगा?"

"भाऊंच्या खिशात. ते गावी गेलेत, गौरी-गणपती पोचवून येतील."