हक्कसोडपत्र

पुण्याजवळच्या आमच्या दापोडीत जागांचे भाव चढले तसं भावांचं बहिणींवरचं प्रेमही चढत गेलं. एरवी राखीपौर्णिमा फोनवर भागवणारा भाऊ पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला, की बहीण ओळखते, बिल्डर येऊन गेलेला दिसतोय. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. कायदा चांगलाच आहे. पण 'माहेर तुटायला नको' म्हणत साडीचोळीवर हक्कसोडपत्राची सही करून आलेल्या बायका आमच्या गल्लीतही सापडतील.

बापाकडचं असं एका सहीत सुटतं. आईकडचं सोडायला मात्र आमच्या लेखिकांना अख्खी पुस्तकं लिहावी लागली, आणि तरी ते सुटलेलं दिसत नाही. रागावल्यावर पातेल्यावर झाकण आदळायची रीत, 'मला मेलीला काय कळतंय' म्हणून वाद जिंकायची कला, सगळ्यांचं वाढून झाल्यावर खरवड आपल्या ताटात घ्यायची खोड. यावर कुठला निबंधक शिक्का मारणार?

घोडनदीच्या बाळूताई खरे हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकल्या, तिथेच शिकवू लागल्या आणि १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावानं त्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह काढला. ही बाई कोण, म्हणून केवढा गदारोळ झाला! घोडनदी म्हणजेच शिरूर. पत्ता नावातच होता, पण चिडलेल्या माणसाला पत्ता वाचायचं कुठलं सुचायला? त्यातल्या एका कथेचं नाव 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मिळवत्या मुलीचा प्रश्न. मी ते नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा शेंगा फोडत बसलेली आमची आई म्हणाली, "पगार मुलीचा, संसार बाबांचा. आणि बाळंतपणं कुणाची गं?"

आईचं हे नेहमीचंच. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे भोंग्यावर घर चालवायची तिला सवय. वाचनातही तशीच शिस्त: पुस्तक कुणाचंही असो, ती त्यातल्या आईच्या बाजूनं. मी मुलीच्या बाजूनं. आणि चाकणला कंपनीच्या बसमधून जाणारी माझी लेक कानात बोंडं घालून तेच पुस्तक ऐकते आणि घरी आल्यावर सांगते, की दोघीही चुकताहेत.

बाळूताईंच्याच वर्षी, १९०५ साली, इरावतीबाई जन्मल्या. त्या पुढे महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, इरावती कर्वे झाल्या. बर्लिनची डॉक्टरेट, 'युगान्त'ला १९६८ चं साहित्य अकादमी पारितोषिक, पुण्याच्या रस्त्यांवर स्वतः चालवलेली स्कूटर. एवढ्या बाईनं 'परिपूर्ती' नावाच्या ललित निबंधात हळूच मिस्कील कबुली दिली. कुणाची सून, कुणाची बायको अशा सगळ्या ओळखी झाल्या, तरी काहीतरी राहिलं होतं. ते पुरं झालं रस्त्यावरच्या पोरांनी 'वर्गातल्या कर्व्याची आई' म्हणून बोट दाखवलं तेव्हा. आईनं हा निबंध वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "मुलाच्या नावानंच पूर्ण व्हायचं, तर मग मी तुला घेऊन काय करू?" मी एकुलती एक.

पण गंमत पुढेच आहे. इरावतीबाईंच्या घरात मुलीही होत्या, आणि कुणी बोट दाखवायची वाट न बघता त्यांनी स्वतःच लिहिलं. जाई निंबकर इंग्रजीत, गौरी देशपांडे मराठीत आणि इंग्रजीतही. गौरीच्या नायिका देश बदलतात, नवरे सोडतात, जगाला जाब विचारतात. आणि मग त्यांच्याही मुली मोठ्या होऊन समोर उभ्या राहतात. मला गौरी आवडते ती इथे. बंडखोर बाईसुद्धा कुणाची तरी आई झाली, की तिच्याविरुद्ध बंड करायला घरातच माणूस तयार होतं, हे तिनं स्वतःला सूट न देता लिहिलं. पुढे गौरीची मुलगी ऊर्मिला देशपांडे हिनं २०२४ साली सहलेखकाबरोबर आजीचं चरित्र लिहिलं. आई जवळची असली तरी आजी सोपी जाते, हे आमच्या घरातही रोज दिसतं.

या सगळ्यात माझं मन अडकलं ते ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये. कादंबरी नव्हे, २००३ चं आत्मकथन. पण ते यात मोजल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरीकडच्या गावातली विधवा आई बांबूची आयदानं विणते, चिडते, पोरीला टोपल्या पोचवायला पाठवते. तिथे पोरीला जातीचा विटाळ नको म्हणून लांब उभं करतात. वडील जाताना मुलांना शिकवायचं सांगून गेलेले, ते मात्र ती सोडत नाही. आपलं लिहिणं म्हणजे आईचंच विणणं, असं लेक मानते. इथे लेकीनं हक्क सोडलेला नाही, उलट मागून घेतलाय.

टोपलीवर विणणारीची सही नसते. आमच्या दापोडीला हे जुनंच. एकोणिसाव्या शतकात इथे मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता, वनस्पतींची बाग होती. ती बाग सांभाळणाऱ्या अलेक्झांडर गिब्सननं १८४७ ते १८५० मध्ये तिथल्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. ती एडिंबरोत जपून आहेत. चित्रकाराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही.

हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि तू काय लिहितेयस? त्यात मी आहे?"

"आहेस."

"मग माझ्या तोंडी फार वाक्यं घालू नकोस. लोकांना वाटेल, मी भांडखोर आहे."