बत्तिसावा तुकडा

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना ‘सिद्ध करा’ म्हणणं हा तसा आगाऊपणाच. औराद तालुक्यातल्या संतपूरला मृग निघाला की माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग बियाण्याच्या पोत्याकडे. पुष्कळदा पाहिलं, म्हणून यंदाही तसंच होणार, हे विगामी अनुमान पोरं घरूनच शिकून येतात. शाळेकडे उरतं ते निगामी: मानलेल्या गोष्टींवरून पायरीपायरीनं, टाळता न येणाऱ्या निष्कर्षापर्यंत जाणं.

नववीला त्रिकोणाचे कोन मोजायला सांगा. कुणाची बेरीज १७९ अंश, कुणाची १८१. शेजारच्या वहीत डोकावलं की सगळ्यांची १८०. “मोजलं की सर, आता सिद्ध कशाला करायचं?” प्रश्न रास्त आहे. त्यावर उपदेश करू नये, वर्तुळ काढावं.

परिघावर दोन बिंदू घेऊन जोडले, तर वर्तुळाचे २ तुकडे. तीन बिंदू एकमेकांना जोडले, ४. चार, तर ८. पाच, तर १६. सहा म्हणायच्या आत वर्ग ओरडतो, बत्तीस! मग मोजायला लावावं. भरतात ३१. पोरं पेन्सिलीला टोक करतात, पुन्हा मोजतात. “सर, एक तुकडा हरवलाय.” एखाद्या टापटिपीच्या मुलीनं बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतलेले असतात, तिचे तर ३०च, कारण तीन व्यास केंद्रात एकत्र येऊन मधला इवलासा त्रिकोण गिळतात. टापटिपीला अशी शिक्षा भूमितीतच. आणि एक जण गुपचूप जादा रेघ मारून ३२ करतो. तो पुढं मोठ्या हुद्द्यावर जाणार.

ऑयलरचं १७७२ सालचं सूत्र याहून लबाड. संख्या, तिचा वर्ग आणि ४१ यांची बेरीज ० ते ३९ पर्यंत दरवेळी मूळ संख्या देते. ४० ला येतात १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग.

आता सिद्धता ऐकायला वर्ग तयार असतो. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली की व्युत्क्रम कोन दोन्हीकडे येऊन बसतात, तिघांचा मिळून सरळ कोन. जगातला उरलेला एकही त्रिकोण मोजायला नको. तेवढ्यात मागच्या बाकावरून येतं, “पण तिथून समांतर रेषा एकच निघते, हे कुणी सिद्ध केलं?” कुणीच नाही. युक्लिडनं तसं मानलं. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी ते न मानता वेगळी भूमिती उभी केली.

सुदैवानं परीक्षेत हे विचारत नाहीत. तिथं पक्ष, साध्य, रचना, सिद्धता आणि दर पायरीपुढं कंसात कारण. त्या कंसात कुणीतरी लिहितोच, ‘आकृतीत दिसतंय’. शेजारच्या कन्नड वर्गातही असंच लिहितात म्हणे. दोन वर्गांवरून अख्ख्या राज्याबद्दल बोलू नये. पण बोलावंसं वाटतं खरं.