गोली साहेब होतो तेव्हा

गल्लीतल्या फुटबॉलमध्ये ‘गोली कोण?’ हा प्रश्न कधी मतदानाला टाकत नाहीत. जो सगळ्यांत लहान, किंवा सगळ्यांत गुबगुबीत, किंवा ज्याला नाही म्हणायची सवय नाही, तो निमूटपणे दोन चपलांच्या मधे जाऊन उभा राहतो. मुंबईत कॉटन ग्रीनला तर चपलांचीही गरज नाही. कापसाच्या जुन्या गोदामांची अवाढव्य दारं आयती उभी आहेत. रविवारी ट्रकांची वर्दळ थांबली की पोरं त्यातलंच एखादं दार निवडतात, आणि चेंडू पत्र्यावर आदळला की त्याचा गडगडाट पार रे रोडच्या फलाटापर्यंत पोचत असावा. त्या दारापुढे, इतरांचा खेळ पलीकडच्या टोकाला रंगलेला असताना, एकटा हात चोळत उभा असलेला पोरगा पाहिला की मला उगीचच वाटतं, हा पुढे कुठल्यातरी संस्थेचा सेक्रेटरी होणार.

हे वाटणं अगदीच हवेतलं नाही. मैदानावर बाकीच्यांना समोरचा माणूस आणि पायातला चेंडू एवढंच दिसतं. गोलीला आपल्या दहा जणांच्या पाठी दिसतात. कोण दमलाय, कोण रुसलाय, कोण जागा सोडून भलतीकडेच भटकतोय, हे तो नव्वद मिनिटं बघत असतो आणि ओरडून सांगतही असतो. ऐकत कुणी नाही. शिवाय त्याची कमाई मोजता येत नाही. गोदामाच्या रखवालदाराने सकाळी वहीत ‘काही घडले नाही’ असं लिहावं, तशी त्याची उत्तम कामगिरी असते. आत गेलेला चेंडू मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. एवढं शिक्षण अंगात मुरल्यावर माणसाला कचेरीत वेगळं काय शिकवायचं?

आपल्या मुंबईतच याचं उदाहरण आहे. भारताचे माजी गोलरक्षक हेन्री मेनेझिस यांनी खेळणं थांबल्यावर महिंद्र युनायटेडचा कारभार सांभाळला. हा संघ 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकला, तेव्हा कोलकाता आणि गोव्याच्या लोकांनी चष्मे पुसून पुन्हा तक्ता पाहिला असेल. 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. कुठल्याही गोलीला अडवता न येणारा तो फटका होता. पुढे मेनेझिस ‘विफा’चे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे, मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ही संस्था 1911 सालची. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात मोहन बागानच्या, बहुतांशी अनवाणी, पोरांनी गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. अशा पुरातन संस्थेत बसायचं म्हणजे परवानग्या, नोंदण्या, रेफरींचं मानधन, आणि कूपरेजच्या मैदानावर कोण कधी खेळणार याचं शाश्वत भांडण. पेनल्टी निदान एका वेळी एकच येते.

पेनल्टीवरून इस्रायली संशोधकांचा 2007 मधला एक अभ्यास आठवतो. त्यांनी 286 पेनल्ट्या तपासल्या. गोलरक्षक जवळजवळ दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडे झेपावतात. जागच्या जागी मधोमध उभे राहिले असते तर अधिक चेंडू अडले असते, असा त्यांचा निष्कर्ष. पण उभं राहवत नाही. गोल झालाच तर निदान धडपडताना तरी दिसावं! कारभाराच्या खुर्चीतही हेच होतं. चौकशी समिती नेमावी, परिपत्रक काढावं, पदाधिकाऱ्यांची तातडीची बैठक बोलवावी, अशा झेपांनी संस्थांच्या फायली भरलेल्या असतात. शांत बसून राहणारा अध्यक्ष सभासदांना झोपलेला वाटतो.

बाहेरच्या जगातही खुर्चीत बसलेली ही गोली मंडळी काही सुखात नांदली नाहीत. चाळिशीत इटलीला 1982 चा विश्वचषक जिंकून देणारे कप्तान दिनो झोफ पुढे लाझिओचे अध्यक्ष झाले, मग देशाचे प्रशिक्षक. 2000 साली युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत संघ नेला, तिथे हरले, एका बड्या राजकारण्याने जाहीर टीका केली आणि झोफ राजीनामा देऊन मोकळे झाले. ऑलिव्हर कान तर बायर्न म्युनिकचे प्रमुख असताना, 2023 मध्ये शेवटच्या दिवशी संघाने विजेतेपद खेचून आणलं त्याच दिवशी पदावरून गेले. गोलीचं नशीब खडतर असतं. एकट्याने उभं राहण्याचा सराव त्याला तिथेही उपयोगी पडत असणार.

आणि आपली राष्ट्रीय गोष्ट. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, ते निलंबन दहाएक दिवसांत उठवलंही, आणि 2 सप्टेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भूतिया, म्हणजे देशाचा लाडका स्ट्रायकर. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक. गोल करणाऱ्याची आणि अडवणाऱ्याची ही थेट गाठ. निकाल लागला चौबेंच्या बाजूने, 33 विरुद्ध 1. संघटना चालवणाऱ्यांची मतं स्टेडियममधल्या टाळ्यांच्या दिशेने वाहत नाहीत, हे भूतियांना त्या दिवशी कळलं. एक खेळाडू प्रथमच त्या खुर्चीत बसला, आणि टीकेचे फटके पुढे चौबेंनाही चुकले नाहीत.

पण मी त्या आकड्याशीच अडखळतो. एखादा पुढारी असता तर तेहतीसचे पेढे वाटले असते. गोली मात्र जातिवंत असेल तर घरी जाऊन जेवताना, बायकोने दोनदा विचारलं तरी उत्तर न देता, त्या एकाचाच विचार करत बसेल: हा आला कुठून, आणि माझ्या कुठल्या हाताखालून गेला?