दहापैकी सात

परभणीत स्टेशन रोडच्या हॉटेलात जेवण आटोपून बिलासोबत बडीशेपेची बशी आली, की टेबलावरच्या माणसांना एकदम मोबाईल आठवतो. आमचे सर मात्र चष्मा चढवून सावरून बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत हयातभर गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस वेटरला टीप देत नाही, गुण देतो. गुणाला रुपया, पेपर दहा गुणांचा.

न मागता पाणी आणलं, दोन गुण. चारही ग्लासांत चार बोटं बुडवून आणलं, दोन्ही कापले. टेबल पुसलं, एक गुण. फडक्याचा वास भाकरीला लागला, तो गुण परत. “काय काय आहे?” विचारल्यावर शेवभाजीपासून दालतडक्यापर्यंत एका दमात म्हणून दाखवलं, तर पाठांतराचा एक. दुसऱ्यांदा कांदा मागितल्यावर तोंड वाकडं केलं, तर वर्तणुकीचे दोन गेले. हात धुऊन येईस्तोवर बेरीज तयार असते आणि कमरेच्या चंचीतून मोजून नाणी निघतात. बहुतेकांना सहा, हुशार पोराला सात. दहा अजून कुणाला मिळालेले नाहीत. “दिले की पोरगं अभ्यास सोडतं,” हे सरांचं शास्त्र. ही पद्धत सुरू झाली तेव्हा चहा दोन रुपयांना होता. आता तो दहावर गेला, पेपर अजून दहा गुणांचाच आहे.

कुणी चिक्कू म्हणालं तर सर जगाचा दाखला देतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडं शेंबडं पोरही म्हणतं. सर ते टीपेलाही लावतात. जर्मन माणूस बिलाचा आकडा जवळच्या पूर्णांकात नेऊन टाकतो, म्हणून सरही नेतात. फरक इतकाच, की जर्मन वर नेतो.

अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला, “मामा, इथं वीस टक्के ठेवावे लागतात.” सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की टीप मिळते म्हणून तिथल्या मालकानं वेटरला तासाला 2.13 डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं, आणि 1991 पासून हा आकडा जागचा हललेला नाही. काही राज्यांनी आपापला वाढवला, तेवढंच. सर भडकले. “म्हणजे पगार गिऱ्हाइकानं द्यायचा अन् गल्ला मालकानं मोजायचा? मग मालक कशाला पाहिजे?”

सर्व्हिस चार्जचं कात्रणही त्यांच्या खिशात असतं. बिलात तो आपोआप लावायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. असा चार्ज लावणारं हॉटेल सरांना परभणीत अजून भेटलेलं नाही. ते भेटेल या आशेवर कात्रणाच्या घड्या फाटत चालल्या आहेत.

आता हेच सर दुसरीकडं बघा. गॅसची टाकी वर चढवणाऱ्याला ते न बोलता तीस रुपये देतात. त्याला गुणपत्रिका दाखवली तर पुढची टाकी खालीच राहते. नातू झाला तेव्हा दवाखान्यातली मावशी बाळ कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “सर, खुशी.” सरांनी पाचशेची नोट काढली, वर “पुरे का?” असं विचारलं. पुतण्याच्या वरातीत बँडवाले ऐन चौकात गाणं अर्ध्यावर तोडून उभे राहिले; नवरदेव घोड्यावर, मागं पाहुणे खोळंबलेले. शंभराची नोट हवेत फिरल्याबरोबर गाणं पुढं सुरू. एका कचेरीत फेरफाराच्या कागदासाठी तर त्यांनी चहापाणी आगाऊ दिलं. पेपर लिहायच्या आधीच पैकीच्या पैकी!

एवढ्यावरून मला सरांचं गणित उलगडलं. जिथं नाही म्हणता येतं तिथं त्यांच्याकडं नियम असतात, जिथं येत नाही तिथं नोटा. खूश होऊन द्यायचे पैसे चंचीत, धाकानं द्यायचे पाकिटात. आणि हे एकट्या सरांचं नाही. बँडवाल्यापुढं शंभराची नोट नाचवणारे आपण सगळेच हॉटेलात मोबाईलवरून पैशाला पैसा बिलाइतकं भरतो आणि चिमूटभर बडीशेप घेऊन उठतो. सर निदान पेपर तपासतात तरी.

परवा मात्र त्यांना जोडीदार भेटला. वेटर नवा होता. सरांनी बशीत सहा नाणी मांडली. पोरगं हलेना.

“सर, चार काहून कापले?”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. पोरगं त्यांच्याच शाळेतलं निघालं, जिंतूर तालुक्यातलं.

“ग्लासात बोटं. दोन.”

“कबूल. अन् बाकीचे दोन?”

“भाजीला उशीर.”

“भाजी भटारखान्यातून उशिरा आली, सर. भटारी आज एकटाच हाय. त्याचे मार्क माझ्या पेपरातून काहून?”

सर गप्प. मग पोरानं ठेवणीतलं काढलं. “अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला, तर त्याचे मार्क सगळ्यांना द्यायचे असतात. तुमीच सांगितलं होतं, सर.”

तत्त्वाचा माणूस तत्त्वातच अडकतो. सरांनी आणखी दोन नाणी बशीत टाकली. पोरगं तरीही हलेना.

“सगळ्यांना, सर. आत भटारी हाय, भांडी घासणारी मावशी हाय.”

सरांनी भटारखान्याच्या दाराकडं पाहिलं, लांब श्वास घेतला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “पटावर एकूण किती?”

“मालक धरून सहा.”

“मालकाला शून्य,” सर म्हणाले आणि त्यांनी चंची पुन्हा सोडली.