युद्धमुक्त युग, व्हाया विश्रांतवाडी

तरुणांचं म्हणणं जगापर्यंत पोचत नाही, ही कुरकुर पुण्याच्या विश्रांतवाडीकरांनी आता थांबवावी. 11 मार्च 2023 रोजी लवळ्याला, सिंबायोसिसमध्ये, जी-20 च्या युवा गटाची म्हणजे वाय-20 ची सल्लामसलत झाली. विषय होता शांतता, समेट आणि युद्धमुक्त युग. तरुणांनी थेट युद्धालाच हात घातला, हे उत्तम झालं. आमच्या चौकात सिग्नल सुटताना होतात ती किरकोळ, आपोआप मिटतील.

हीच रीत पुढे न्यावी. समजा, आळंदी रस्त्यावर एखादं चेंबर उघडं आहे, कुणीतरी त्यात खूण म्हणून झाडाची फांदी खोचलीय. तक्रार प्रभागात नेऊच नये. मसुदा करावा, गळ्यात ओळखपत्र अडकवावं आणि जिनिव्हाला वाचून दाखवावा. ‘तीव्र चिंता’ व्यक्त झाली, की झाकण बसलंच समजा.

तसंही प्रभागात न्यायची कुणाकडे? वाय-20 भरली त्या दिवशी पुणे महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत जवळपास वर्षभरापूर्वीच संपली होती. मार्च 2022 मध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलीला नगरसेवकासाठी पहिलं मत देता आलं ते 15 जानेवारी 2026 ला. तोवर ती स्वतःच उभी राहण्याच्या वयाची झाली होती.