कपाटातून हार्ड डिस्कमध्ये : सीडीसंग्राहकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ज्यांच्या घरी तीनशेच्या वर सीडी आहेत, त्या वाजवायला यंत्र उरलेले नाही आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ज्यांना "ह्यांचं काय करायचं ते एकदा सांगा" असे ऐकावे लागते, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. उत्तरादाखल "डिजिटाइझ करतोय" एवढेच म्हणावे. त्यावर पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत मिळते. तेवढ्यात काम उरकावे.

साहित्य

१. सीडी ड्राइव्ह. नव्या लॅपटॉपला तो नसतो. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर आणावा. दुकानदार "अजून सीडी वापरता?" असे विचारेल. वाद घालू नये, बिल घ्यावे.
२. हार्ड डिस्क, दोन. दुसरी कशाला ते पुढे कळेल. तोवर तिच्यात लग्नाचे व्हिडिओ भरू देऊ नयेत.
३. मऊ सुती कापड.
४. वही आणि पेन. संगणकाच्या कामात वही कशाला, हा प्रश्न पाचव्या पायरीपर्यंत राखून ठेवावा.

पायरी पहिली : हिशोब

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवले. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि हे सगळे डाव्या-उजव्या कानांसाठी दोनदा. म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी, तासाभराच्या सीडीला ६०० एमबीच्या वर आणि ५०० सीडींना ३०० जीबीच्या आसपास. फ्लॅक या प्रकारात साठवले तर जागा साधारण निम्मी लागते आणि मूळ ध्वनीतले काहीच गळत नाही. एक टीबीच्या डिस्कमध्ये सगळे मावून वर जागा उरते.

एमपीथ्री त्याहून बारीक. पण ध्वनीतला काही भाग कायमचा काढून टाकून ती बारीक झालेली असते. फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही करता येते, उलट प्रवास नाही. "कानाला फरक कळतो का?" या वादात पडू नये. प्रश्न कानाचा नाही, हे काम पुन्हा करावे लागू नये याचा आहे.

पायरी दुसरी : निवडणे

फुटपाथवर घेतलेल्या, एकीत शंभर-दीडशे गाणी असलेल्या सीडींवर मुळातच एमपीथ्री असतात. त्यांच्या फाइली आहेत तशा उतरवून घ्याव्यात. त्यांचे फ्लॅक केल्याने गाणे सुधारत नाही, फाइल तेवढी लठ्ठ होते.

घरी भरलेल्या सीडी मात्र सर्वांत आधी हाती घ्याव्यात. त्यांच्यावरची नोंद रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन-उष्म्याने खराब होतो. भाच्याच्या मुंजीची सीडी याच ढिगात सापडेल. ती टाकू नये. भाचा आज विचारत नसला तरी त्याची आई विचारेल.

पायरी तिसरी : पुसणे

मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये. आडव्या बारीक चऱ्यामुळे गेलेली माहिती ड्राइव्ह सावरून घेतो. नोंदीच्या गोल रेषेलाच समांतर गेलेला चरा त्याला जड जातो.

खालच्या चकचकीत बाजूला सगळे जपतात. पण त्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक आहे. वरच्या, नाव छापलेल्या बाजूला मात्र चकाकणाऱ्या थरावर लाखेचा पातळ लेप तेवढा असतो. तिथेच आपण बॉलपेनने "ही शिरीषला परत द्यायची" असे लिहून ठेवलेले असते. चऱ्यांवर टूथपेस्ट हा शेवटचा उपाय आहे. व्हॉट्सॲपवर तो पहिला म्हणून येतो.

पायरी चौथी : उतरवणे

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही संशयास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहतात. शिवाय ॲक्युरेटरिप नावाच्या सामायिक नोंदीशी आपली प्रत ताडून बघता येते. जुळली, तर तीच सीडी असलेल्या इतरांनाही हाच निकाल मिळाला आहे, म्हणजे प्रत बिनचूक. नोंदच सापडली नाही, तर खचून न जाता घरी "ही दुर्मीळ आहे" असे जाहीर करावे.

स्वच्छ सीडी काही मिनिटांत उतरते, चरे पडलेली तासभर घेते. त्या वेळात पडद्यावरच्या टक्केवारीकडे बघत बसू नये. तिने वेग वाढत नाही.

पायरी पाचवी : नावे घालणे

इथपर्यंत यंत्राचे काम होते. आता तुमचे सुरू होते, आणि बहुतेक संग्रह याच पायरीवर कायमचे मुक्कामाला राहतात.

बहुतेक ऑडिओ सीडींवर गाण्यांची नावे नोंदलेलीच नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅकची संख्या आणि लांबी पाहून म्युझिकब्रेन्झसारख्या सूचीत नावे शोधते, आणि ती सूची तुमच्या-आमच्यासारख्यांनीच भरलेली असते. म्हणून एकच यमन 'राग', 'रागा' आणि 'राग्' अशा तीन स्पेलिंगांत तीन ठिकाणी निघतो. भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व दोघेही 'पंडित' असल्यामुळे 'प'मध्ये, उस्ताद सगळे 'उ'मध्ये. किशोरीताई आमोणकर कधी 'क'मध्ये, कधी 'ग'मध्ये, कधी 'व'मध्ये, कारण कोणी 'गानसरस्वती' लिहिले, कोणी 'विदुषी'. आणि सगळ्यांचा प्रकार एकच : 'वर्ल्ड'.

नाट्यसंगीतात तर मालकीचाच प्रश्न येतो. 'कट्यार काळजात घुसली' कुणाच्या फोल्डरात ठेवायचे? नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि गायक वसंतराव देशपांडे, म्हणून घरात सगळे म्हणणार "वसंतरावांचं कट्यार". 'गीतरामायण' १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. गीते ५६, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या. आकाशवाणीवर अनेक गायक होते, बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातले ध्वनिमुद्रण वेगळे. दोन्ही एकाच फोल्डरात टाकली आणि ट्रॅकचे क्रमांक घालायचे राहिले, तर रामायण अकारविल्हे वाजते आणि रावणाचा निकाल रामजन्माआधी लागू शकतो.

आता वही उघडावी आणि नियम लिहावेत. नावाआधी पदवी नाही. आदर मनात ठेवावा. एका माणसाचे एकच स्पेलिंग. लिपी देवनागरी की रोमन, ते एकदाच ठरवावे. नाट्यपदे नाटकाच्या नावाखाली, ख्याल गायकाच्या नावाखाली. तबला आणि हार्मोनियम कोणाचे, हे ऑनलाइन सूचीत क्वचितच मिळते. ते डबीतल्या कागदावर असते. त्या कागदाचा फोटो काढून त्याच फोल्डरात ठेवावा. वहीतले नियम पन्नासाव्या सीडीनंतर बदलू नयेत. बदलल्यास आधीच्या पन्नास सीडींची माफी मागून पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी.

पायरी सहावी : दुसरी डिस्क

सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवावे आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये असल्या तर पाणी दोघींनाही एकदमच भिजवते. बहिणीचे घर उत्तम. मात्र डिस्कमध्ये जागा शिल्लक आहे हे मेहुण्यांना कळू देऊ नये. वर्षातून एकदा डिस्क आणून त्यातली चार गाणी खरोखर वाजवून पाहावीत. न तपासलेला बॅकअप ही केवळ समजूत असते.

मूळ सीडी विकू नयेत. आपली प्रत आपल्याकडे सीडी आहे म्हणून आपली. सीडी विकून प्रत ठेवणे कायद्याला आणि मनालाही अवघड जाते. त्या माळ्यावर जातील. घरच्यांचे कपाटाबद्दलचे म्हणणे होते, माळ्याबद्दल अजून कोणी काही बोललेले नाही.

परीक्षा

ही परीक्षा तुम्ही द्यायची नाही. फोल्डर कुठे आहे एवढेच सांगून घरातल्या ज्येष्ठांपैकी कोणालाही म्हणावे, "आई, अभिषेकीबुवांचं काहीतरी लावा ना." आणि खोलीबाहेर जावे. दोन मिनिटांत आवाज आला तर काम पूर्ण झाले. "अरे, इथे बुवा कुठेच नाहीत" असे ऐकू आले, तर पायरी पाचवी.